निकालाच्या दिवशी बाईंना हाताने केलेली भेट? या चुका टाळा

१ मेच्या सकाळी झेंडावंदन झालं की वर्गात निकाल. टेबलावर एका बाजूला प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला पोरांनी आणलेल्या वस्तू. एका वर्षी एकाने आपला रंगवलेला कुल्हड थेट गठ्ठ्यावर ठेवला. रंग वरून वाळलेला, बुडाशी ओला. उचलला तर सगळ्यात वरच्या प्रगतिपुस्तकावर गेरूचं गोल वर्तुळ! ज्या मुलीचं ते पुस्तक होतं, तिची आई रस्त्यात भेटली की अजून विचारते, "बाई, तो लाल गोल नेमका कशाबद्दल होता?"

प्राथमिकला सव्वीस वर्षं शिकवलं. त्या वर्षांची एक पत्र्याची ट्रंक घरी आहे. तीत काय टिकलं आणि कशाचा भुगा झाला, हे दर दिवाळीला ट्रंक झटकताना कळतं. बहुतेक वस्तू बिघडतात त्या मुलांच्या हातून नाही, मोठ्यांच्या घाईतून.

परीक्षा संपल्यावर सुरुवात करणं

शेवटचा पेपर झाला की अर्धी मुलं गावाला पळतात आणि निकालाच्या आदल्या संध्याकाळी फेविकॉलची बाटली शोधली जाते. त्या रात्री फार तर भेटकार्ड होतं. मनी प्लांट किंवा पिंपळपानाची जाळी द्यायची असेल तर मार्चच्या सुरुवातीला हात घालावा लागतो.

मनी प्लांटची नेहमीची गफलत म्हणजे नुसतं पान देठासकट तोडून बाटलीत ठेवणं. ते पान आठवडाभर ताजं दिसतं, पण त्याचा वेल होत नाही. काडी पेराच्या खाली कापायची. पेर म्हणजे जिथे पान फुटतं ती गाठ, मुळं तिथूनच येतात. पेर पाण्यात, पानं बाहेर, चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. आणि ती बाटलीतच द्या. हौसेने कुंडीत लावून देता, पण मे महिन्यात बाईसुद्धा घराला कुलूप लावून माहेरी जातात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कुंडी आठ दिवसांत वाळते. अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीतलं पाणी त्या मानाने बरंच पुरतं.

पिंपळाचं पान नुसतं वहीत दाबून जाळीची वाट बघणं

वहीत दाबलेलं पान वाळतं, तपकिरी होतं आणि एक दिवस मोडतं. जाळी हवी तर पानाचा हिरवा गर कुजवून काढावा लागतो. त्यासाठी पान जून हवं. इथेच एप्रिलमध्ये फसायला होतं, कारण तेव्हा पिंपळाला तांबूस कोवळी पालवी असते आणि ती पाण्यात विरघळल्यासारखी होते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, झाड झडण्याआधी, न किडलेली मोठी पानं तोडून ठेवायची.

जुन्या बादलीत पानं बुडवा, वर दगड ठेवा आणि डास होऊ नयेत म्हणून फडकं बांधा. आठवड्याने पाणी बदला. वास येणारच, बादली गॅलरीच्या टोकाला ठेवा. तीन-चार आठवड्यांनी एक पान ताटलीत घेऊन, बारीक धारेखाली, मऊ झालेल्या जुन्या टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलकं चोळायचं. हिरवा लगदा निघतो आणि खालची जाळी डोळ्यांदेखत उघडत जाते. सात-आठ वर्षांची मुलं या कामाला तासभर जागची हलत नाहीत! पहिली दोन पानं फाटतात, म्हणून दहा भिजवा.

वेळ नसेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळतात. हे काम मोठ्यांचं. भांडं जुनं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो. हात लावण्याआधी पानं साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या.

मग घाई होते ती लॅमिनेशनची. हाताला कोरडं लागलेलं पान आतून दमट असतं. प्लॅस्टिकमध्ये बंद झालं की महिन्याभरात काळे ठिपके पडतात. माझ्याकडे अशा चार बुकमार्कांवर बुरशी आहे आणि खाली छान अक्षरात "तुमची लाडकी" असं लिहिलंय. वर्तमानपत्राच्या घड्यांत, रोज कागद बदलत, तीन दिवस दाबा आणि मगच दुकानात न्या.

मडक्यावरचा रंग निघतोच कसा?

आणलं, धुतलं, त्याच दिवशी रंगवलं, म्हणून निघतो. झिलई नसलेली भाजकी माती पाणी पिते. वर रंगाचा थर बसला की आतला ओलावा बाहेर यायला बघतो आणि रंगाला फुगे धरतात. कुल्हड धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पॉलिश पेपरने घासा, फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक हात मारा. तो वाळल्यावर रंग. पोस्टर कलर पाण्याने निघतो, अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर निघत नाही, त्यामुळे एवढ्यासाठी अ‍ॅक्रिलिकच घ्या. वारली काढायची असेल तर गेरूत फेविकॉल कालवा, नाहीतर बाईंच्या साडीला लागतो. वारली पाड्यांवरच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग असतो, पण रोज हाताळायच्या वस्तूवर तो झडतो. इथे पांढरं अ‍ॅक्रिलिक वापरा. ब्रशऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी दिली तर मुलांची रेघ जास्त छान येते.

रंगवल्यावर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पांढऱ्यावर छपाईची शाई उमटते. जुन्या सुती ओढणीचा तुकडा बरा.

भेटकार्ड वाकडं होणं आणि "आर्शिवाद"

फेविकॉलमध्ये पाणी असतं. पातळ कागदाने ते शोषलं की तो फुगतो आणि वाळताना गुंडाळतो. जाड कार्डशीट घ्या, कडेला आणि मधे थेंब थेंब लावा, वर जड शब्दकोश ठेवा. चमकी टाळा. ती कार्डावरून माझ्या पोळीपर्यंत आलेली आहे.

आतल्या मजकुराबद्दल एकच सांगते. "आर्शिवाद" नाही, "आशीर्वाद". मुलाने चुकीचं लिहिलं तर मला गोड वाटतं. पण हा रफार निम्म्या वेळा आई-बाबांनी पाटीवर लिहून दिलेला असतो आणि मुलगा इमानदारीत उतरवतो. त्याऐवजी मुलाला विचारा, यंदा वर्गात तुला काय आवडलं? तो म्हणेल, "बाईंनी मला घंटा वाजवायला पाठवलं होतं." तेच लिहू द्या. मोबाइलवरून उतरवलेले गुरुमहिमेचे सुविचार तीस कार्डांत तेच ते असतात.

उन्हाळ्यात चॉकलेट

साच्यातली घरची चॉकलेटं हल्ली फार येतात. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. नागपूर-जळगावकडे त्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो. बाकी तुम्हीच ठरवा. ओल्या नारळाच्या वड्याही नकोत, दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो.

शेंगदाण्याचे लाडू द्या. दोन वाट्या दाण्यांना वाटीभर किसलेला गूळ आणि थोडी वेलची. दाणे भाजायचं काम तुमचं. सालं काढणं, सुपात पाखडणं आणि वळणं मुलांचं. दाणे गरम असताना मिक्सर फिरवला की तेल सुटतं, म्हणून पूर्ण गार होऊ द्या आणि थांबत थांबत फिरवा. तेल सुटलंच तर दोन चमचे डाळ्याचं पीठ घाला. वळले जात नसतील तर अर्धा चमचा कोमट तूप. चार लाडू पुष्कळ झाले. सोबत काय घातलंय आणि कधी केलंय याची चिठ्ठी ठेवा, कारण कुणाला साखरेचा त्रास असतो, कुणाला दाणे चालत नाहीत. शाळेत भेटवस्तूंना मनाई आहे का, तेही आधी विचारून घ्या. मनाई असेल तर एक पत्र पुरतं.

आणि लाडू करताना चार जास्तीचे करा. मुलाची चड्डी ओली झाली तेव्हा धावत आलेल्या शाळेच्या मावशी आणि रिक्षावाले काका यांना निकालाच्या दिवशी कुणी विचारत नाही.

शेवटी डबा. खाऊ चांगल्या स्टीलच्या डब्यात घालून पाठवू नका. तो रिकामा परत द्यायचा नाही असं आमच्या आईने शिकवलंय. मे महिन्यात मी त्यात घालू काय आणि देऊ कुणाला, शाळा तर बंद! कागदी पुडा किंवा द्रोण चालतो. तीन डबे अजून माझ्या मांडणीवर आहेत. एकाच्या बुडावर कोरलेलं "सौ." एवढंच उरलंय, पुढचं नाव घासून गेलंय, खाली लग्नाची तारीख मात्र नीट वाचता येते. तुमच्या आजीचा असेल तर येऊन घेऊन जा.