आधी मेन स्विच, मग रंगमंच

नट व्हायचं म्हणून मी नाटकात आलो. आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वातीनशे खुर्च्यांचं सभागृह, मागची तालमीची खोली, चित्रकलेचा वर्ग आणि अंगणातला उघडा कट्टा असं एक कलाकेंद्र सांभाळतो. या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली फोन करतात आणि विचारतात, "दादा, काय शिकून येऊ?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कोल्हापुरात सुरुवातीला मी एका लाइटवाल्या मामांच्या हाताखाली लागलो. पहिल्या दिवशी मी थेट रंगमंचावर जाऊन उभा राहिलो, तर मामा म्हणाले, "पोरा, मेन स्विच कुठं हाय ते आधी दाव." मला ते दाखवता आलं नाही. मग त्यांनी मला इमारतीभर फिरवलं. मीटर कुठे, फ्यूज कुठे, कोणतं दार बाहेर उघडतं, कोणत्या दारापुढे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. नाटकातलं माझं पहिलं शिक्षण हेच, आणि आजही नव्या माणसाला मी इथूनच सुरुवात करायला लावतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा मामांचे ते शब्द पुन्हा आठवले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते घर. गायक-नट संगीतसूर्य केशवरावांचं नाव त्याला 1957 मध्ये मिळालं. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, त्यांची जयंती होती. खासबाग मैदानाच्या बाजूला माणसं नुसती उभी होती. घरातलं माणूस गेल्यासारखी शांतता होती. ज्या रंगमंचावर मी पहिल्यांदा विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या आडबाजूला, उभा राहून तिसरी घंटा ऐकली, तो रंगमंच समोर काळा झालेला पाहिला. तेव्हापासून माझ्या सभागृहात आगीबद्दलची कुठलीही गोष्ट मी उद्यावर ढकलत नाही.

म्हणून हा हिशोब पाठ करा. 1000 वॅटचा एक पार दिवा (रंगमंचावर झोत टाकणारा डब्यासारखा दिवा) 230 व्होल्टवर साधारण सव्वाचार अँपिअर ओढतो. 16 अँपिअरच्या पॉइंटवर असे तीन दिवे चालतात. चौथा लावायचा नाही, दिग्दर्शक कितीही गळ घालू दे. एलईडी आल्यापासून भार बराच उतरला आहे, पण रंग-उजेड बदलणारे एलईडी पार दिवे जुन्या डिमरवर, म्हणजे वीज कमी-जास्त करून उजेड बदलणाऱ्या पेटीवर, लावू नका. त्यांना सरळ वीज लागते आणि नियंत्रणासाठी वेगळी डीएमएक्स केबल, म्हणजे दिव्यांना फक्त हुकूम पोचवणारी तार. अशा एका लाइनवर 512 चॅनेल, म्हणजे वेगवेगळी नियंत्रणं, बसतात, म्हणजे छोट्या रंगमंचाला एक लाइन भरपूर झाली. हॅलोजनच्या दिव्यापासून झालर आणि पडदा लांब ठेवा. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं विंगेत हाताशी हवं. ते कसं वापरायचं हे पडदा ओढणाऱ्या मुलालाही माहीत हवं. नवी वायर ओढायची असेल तर परवानाधारक वायरमनच बोलवा.

शिक्षणाचं म्हणाल तर शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे, तिथे रीतसर शिकता येतं. शिकावंच. पण शिकत असतानाच राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर एखाद्या हौशी संस्थेबरोबर पडद्यामागे उभे राहा. ठरलेल्या वेळात सेट लावायचा, दिवे बांधायचे, प्रयोग झाला की सगळं उतरवून पुढच्या संघाला रंगमंच मोकळा करून द्यायचा, हे वर्गात बसून अंगात भिनत नाही. पडद्यामागचं काम कमी प्रतीचं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. आमच्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं आज फ्लॅट, म्हणजे सेटच्या लाकडी चौकटीच्या भिंती, रंगवतात, तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो.

आता गावाबद्दल. शहरात नाट्यगृह चालवणं आणि तालुक्याच्या गावात चालवणं यात मोठा फरक आहे, आणि तो मला चूक केल्यावरच कळला. पहिल्या वर्षी एक चांगलं दोन अंकी नाटक मी संध्याकाळी साडेसहाला लावलं. पुढच्या चार रांगा सोडल्या तर सभागृह रिकामं. बायका तर जवळजवळ नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आरं बाबा, धारा कोण काढणार? डेअरीला दूध घालायची येळ ती." आमच्या भागात सकाळ-संध्याकाळ दुधाच्या वेळेवर घड्याळ चालतं, आणि मी ते घड्याळच पाहिलं नव्हतं. पुढचा प्रयोग रात्री नऊला ठेवला. काकू त्यांच्या सुना आणि जावा घेऊन आल्या.

तसंच वर्षाचं. जून-जुलैत भातलावणी असते, तेव्हा तिकिटाचं नाटक लावू नका. त्या दिवसांत तालमी घ्या, पडदे उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवा, कारण आपल्याकडच्या पावसात कापडाला बुरशी धरायला आठवडा पुरतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. काही नाटकवाले त्यांना नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. केंद्राचं वीजबिल त्या भाड्यातून निघतं, आणि पहिल्यांदा उजेडात उभं राहिलेलं पोरगं तिथेच सापडतं. आमचा सध्याचा ध्वनी सांभाळणारा मुलगा असाच संमेलनातून आला. उसाचा हंगाम जोरात असला की गावाबाहेरचा प्रेक्षक कमी येतो. गावजत्रेच्या आठवड्यात मात्र उघड्या कट्ट्यावर भजन, सोंगी भजन, पोवाडा काहीही ठेवा, जागा पुरत नाही. फक्त उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे कार्यक्रम वेळेत सुरू करायची शिस्त लावून घ्या.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि लेखकाची प्रयोगाची परवानगी लेखी हवी. तोंडी "करा की" यावर तारीख देऊ नका. एकदा मी दिली होती आणि जाहिराती लागल्यावर प्रयोग रद्द करावा लागला.

पैशांचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीला प्रयोगामागे मानधन मिळतं, महिन्याचा पगार नाही. मी पहिली तीन वर्षं दिवसा एका दुकानात हिशोब लिहायचो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि पहिल्या दिवशी येताना रबरी सोलचे बूट, टेस्टर, चांगला टॉर्च, चिकटपट्टी आणि पांढरा खडू घेऊन या. खडू अंधारात पायऱ्यांच्या कडा आखायला लागतो. प्रयोग संपला, माणसं गेली, मेन स्विच पाडला, तरी लगेच कुलूप लावत नाही आम्ही. अर्धा तास अंधारात बसतो, कुठे वास येतोय का ते पाहतो. मग किल्ली फिरवतो.