सड्यावरील फुलझाडांची चौकट-पद्धतीने नोंद कशी करावी

कास पठारासारख्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर, माती जेमतेम असते आणि पावसाळा सरताच बहुतेक रोपे वाळून जातात. त्यामुळे नोंदींचे काम जून ते ऑक्टोबर या काळातच उरकावे लागते. संरक्षित क्षेत्र असल्यास वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

चौकट-पद्धतीत जमिनीवर चौकट ठेवून तिच्या आतल्या रोपांची नोंद घेतात. त्यासाठी १ मीटर लांबी-रुंदीची, पीव्हीसी नळ्यांची चौकट पुरेशी होते. ती कुठे ठेवायची, हा या कामातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. फुलांचा गालिचा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो आणि तिथेच अभ्यास बिघडतो. म्हणून उघडा कातळ, उथळ डबकी आणि मातीचा पातळ थर असे भाग नकाशावर आधी वेगळे करावेत आणि प्रत्येक भागातील जागा यादृच्छिक, म्हणजे स्वतः न निवडता चिठ्ठी काढल्यासारख्या आलेल्या, अंकांनी ठरवाव्यात.

गेंद किंवा सीतेची आसवे यांची रोपे मोजता येतात. गवताचे मात्र व्यापलेले क्षेत्र टक्क्यांत लिहावे. कडेवरच्या रोपांसाठी नियम पक्का असावा: चौकटीच्या ठरावीक दोन बाजूंवर मूळ असलेली रोपे धरावीत, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडावीत. मातीची खोली पातळ सळईने मोजावी. ओळख न पटलेले रोप उपटू नये. पान, खोड आणि फूल यांची जवळून छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, घ्यावीत. फुलोरा झपाट्याने बदलत असल्याने त्याच चौकटी दर आठवड्याला पुन्हा तपासाव्यात, आणि जिथे काहीच उगवले नाही तिथे शून्य लिहावे.