बी धरलं नाही, एवढ्यावर निकाल लावू नका

फुलझाडांच्या संकरपैदाशीत नवीन असाल, तर रंग-आकाराआधी एक गोष्ट तपासा: झाड स्वतःचे पराग स्वीकारतं का? लिली, शेवंती आणि पिटुनियाच्या अनेक लाइन्स (वेगळे जपलेले वाण) स्वीकारत नाहीत. याला स्व-असंगतता म्हणतात.

नकाराची जागा मात्र वेगवेगळी. पिटुनियात पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) रुजतो, त्याची नळी कुक्षीवृंतात (टोकाखालच्या दांड्यात) उतरते आणि वाटेतच अडते. तिथे त्या परागातलं एकच एस-जनुक (ओळख पटवणारं जनुक, त्याचे एस१, एस२ असे प्रकार) पाहिलं जातं; ते मादीतल्या जनुकाशी जुळलं की नकार. शेवंतीच्या कुळात निकाल बहुधा कुक्षीवरच लागतो आणि परागावर जनकझाडाच्या दोन्ही जनुकांची छाप असू शकते. म्हणून एस१एस२ मादीवर एस१एस३ चे पराग टाकले, तर पिटुनियात निम्मे पार होतात. शेवंतीकुळात कोणतं जनुक प्रभावी त्यावर सगळेच पास किंवा सगळेच नापास. प्रिम्युलात तर लांब आणि आखूड कुक्षीवृंताची फुलं नुसत्या डोळ्यांनीच ओळखू येतात. डार्विनने 1862 मध्येच त्यावर लिहिलं होतं.

बी धरलं नाही की नवखे लगेच 'असंगत' लिहून मोकळे होतात. पराग शिळेही असू शकतात! तेच पराग शेजारच्या हमखास जुळणाऱ्या लाइनवर टाकून पाहिल्याशिवाय काही लिहू नका. शंका उरलीच, तर दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसर काढा, सोडियम हायड्रॉक्साइडने मऊ करा, अ‍ॅनिलिन ब्ल्यूने रंगवून अतिनील सूक्ष्मदर्शकाखाली धरा. नळीतलं कॅलोज (तिच्या भिंतीतला एक पदार्थ) पिवळट-हिरवं चमकतं. चमक अंडाशयापर्यंत गेली, तर दोष परागनळीचा नाही. माझ्या मते हे कौशल्य सगळ्यात आधी शिकावं.

आता फायद्याचं. असंगत लाइन टिकवायची तर फूल उमलण्याआधीच कळी उघडून तिच्या कुक्षीवर त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचे पराग लावायचे. तेव्हा अडथळा अजून पक्का झालेला नसतो. मग एस-जनुकं वेगळी असलेल्या दोन लाइन्स शेजारी लावल्या की परागकोश खुडण्याची कटकट वाचते, मधमाश्या काम करतात. अ‍ॅजेरॅटम या फुलझाडाचं संकरित बी असंच तयार होतं.

तरीही उष्णतेत हा अडथळा ढिला पडतो आणि स्वफलनाचं बी मिसळतं. म्हणून मादी लाइनमध्ये अप्रभावी (संकरात दबून जाणारी) खूण ठेवा, उदाहरणार्थ पांढरं फूल, आणि नर लाइन जांभळी घ्या. रोपं वाढवल्यावर जितकी पांढरी, तितकी भेसळ. जांभळ्या लाइनवरचं बी मात्र असं तपासता येत नाही, ते वेगळंच गोळा करा.