थंड हवा उताराने वाहते : नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी हिवाळी सल्ला

निफाडचा पारा घसरल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत वरचेवर येते आणि ती नोंद बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली असते. बागायतदारांनी ती अवश्य पाहावी. मात्र तिच्यावर विसंबून बागेचे नियोजन करू नये, कारण एकाच शिवारात माळावरचा प्लॉट आणि नाल्याकाठचा प्लॉट यांच्या पहाटेच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतार धरून सखल भागात साचते. पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस सातमाळ्याची रांग आणि मधे गोदावरी-कादवेची पसरट खोरी, अशी आपल्याकडील रचना आहे. कादवा गोदावरीला मिळते तो नांदूर मध्यमेश्वरचा परिसर निफाड तालुक्यातच येतो, त्यामुळे तेथील गारठ्यात भूरचनेचाही वाटा आहे.

आपल्या बागेत गारवा कोठे साचतो हे पाहण्यासाठी सूर्यास्तानंतर वरच्या बांधावर एखादी गोवरी पेटवून तिचा धूर कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावे आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात घडांच्या उंचीवर किमान-कमाल तापमापी टांगावी. खालच्या बांधावर शेवरीची दाट रांग, चाऱ्याची गंजी किंवा पाटाचा भराव असेल तर थंड हवा तेथेच अडून राहते. भराव हलवता येत नाही, परंतु शेवरी बुंध्याकडून विरळ करून हवेला वाट देता येते. याउलट वरच्या बांधावरील दाट कुंपण राखावे, कारण ते वरून येणारी थंड हवा काही प्रमाणात बाजूला वळवते.

मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी धरू लागण्याच्या, अवस्थेतील सखल प्लॉटकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण कडाक्याच्या थंडीत मणी तडकण्याचा धोका याच वेळी मोठा असतो. अशा प्लॉटला पहाटे ठिबकने थोडा वेळ विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे. शेततळ्यातील पाणी रात्रभरात स्वतःच गार झालेले असल्याने त्याचा तितका उपयोग होत नाही. एकदम भरपूर पाणी दिल्यानेही मणी तडकतात, याचे भान ठेवावे. थंडीची लाट असेपर्यंत ओळींमधील माती रोटाव्हेटरने भुसभुशीत करू नये, कारण कोरडी, मोकळी माती दिवसाची ऊब कमी साठवते. तण असल्यास केवळ कापून घ्यावे.

शेकोट्या करायच्या झाल्यास एक मोठा जाळ न करता लहान लहान अनेक शेकोट्या वेलींपासून सुरक्षित अंतरावर कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालची थंड हवा आत ओढली जाते. उपयोग शेकोटीच्या उबेचा आहे. नुसत्या धुराने फारसे काही साधत नाही.

माळावरच्या मुरमाड प्लॉटला गारठा कमी लागतो, परंतु तेथील ओल लवकर उडत असल्याने पाण्याच्या पाळ्या जवळ घ्याव्यात. सखल प्लॉटमध्ये दव उशिरापर्यंत टिकते, म्हणून तेथे डाऊनी (केवडा) रोगासाठी पानांची मागची बाजू रोज तपासावी.