२०० ची बीआरएम: खिशात काय, बाटलीत काय आणि किती वाजता

२०० ची बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर सायकल चालवायची राईड. तिच्या खाण्यापिण्याची यादी घरी बसून करायची आणि ती १४० व्या किलोमीटरवरच्या स्वतःसाठी करायची, कारण तो माणूस वेगळाच असतो. त्याला हिशोब जमत नाही, खिशाची चेन उघडायचा कंटाळा येतो, कोणी विचारलं तर "काही नको, चल निघू" एवढंच म्हणतो. माझ्या पहिल्या २०० ला पुण्याहून साताऱ्याच्या बाजूला गेलो होतो. जाताना खंबाटकी घाट मस्त चढलो, वळायच्या ठिकाणी कंदी पेढे, फोटो वगैरे सगळं झालं, आणि परत येताना भूक नाही म्हणून भुईंजपासून काहीच खाल्लं नाही. शिरवळला पाय संपले. चढ नाही, वारा नाही, तरी सायकल पुढे जाईना. एका टपरीच्या पायरीवर बसून बिस्किटाचा अख्खा पुडा चहात बुडवून खाल्ला तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी डोकं जाग्यावर आलं. यालाच बॉन्क म्हणतात, शरीरात साठवलेली साखर (स्नायू आणि लिव्हर मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम) संपत आली की असं होतं.

त्यामुळे आता किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. २०० ला वेळ असतो साडेतेरा तास, आपण समजा ११ तासांत करणार, तर १० तास खायचं आहे असं धरा. तासाला ५०-६० ग्रॅम कार्ब (साखर-पिष्ट, म्हणजे कर्बोदकं) म्हणजे झाले ५०० ते ६०० ग्रॅम. आकडा बघून घाबरू नका, मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चमचाभर साखर ५ ग्रॅम, अंड्याएवढा उकडलेला बटाटा १० च्या आसपास. ज्यांना अजिबात सवय नाही त्यांनी तासाला ३० पासून सुरू करा आणि रविवारच्या राईड्सना हळूहळू वाढवा, पोटालाही प्रॅक्टिस लागते. जेल (पाकिटातलं घट्टसर गोड एनर्जीचं खाणं) घेणार असाल तर तेही आधी दोन-तीनदा घेऊन बघा. एक्स्पोमधून आणलेलं नवीन पाकीट इव्हेंटच्या दिवशी पहिल्यांदा फोडायचं नाही, पुढे हायवेला आडोसा शोधत फिरावं लागतं.

माझं स्वतःचं सामान देशी आहे. आदल्या संध्याकाळी छोटे बटाटे उकडून, सोलून, मीठ-लिंबू लावून झिपलॉकमध्ये. गूळपोळी किंवा पुरणपोळी असेल तर तिचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळ्या बटर पेपरमध्ये आणि एक टोक वळवून ठेवलेलं, म्हणजे ग्लोव्ह घालून एका हाताने सुटतं. हे वळवलेलं टोक फालतू वाटेल, पण फॉइलमध्ये गच्च गुंडाळलेली पोळी चालत्या सायकलवर दाताने सोडवून बघा एकदा. खजूर बिया काढून, चिक्की आधीच तोडून. आईने ओट्यावरचा पसारा बघून विचारलं, "अरे, वारीला एवढं नेत नाहीत, तू एका दिवसासाठी कुठे चाललायस?" तरी पोळ्या तिनेच केल्या.

आता हे कुठे ठेवायचं. सकाळच्या चार तासांचं टॉप ट्यूब बॅगमध्ये (सायकलच्या वरच्या दांडीवरची छोटी पिशवी), कारण तेव्हा खायची आठवण असते. दुपारचं जर्सीच्या उजव्या खिशात. डाव्या खिशात फक्त रिकामे कागद. फोनला दर अर्ध्या तासाचा व्हायब्रेशन अलार्म, वाजला की दोन घास, भूक असो नसो. घाटाच्या पायथ्याशी खाऊ नका, पायथा यायच्या १५ मिनिटं आधीच खा, चढावर श्वास आणि घास दोन्ही जमत नाहीत.

पाण्याचं जरा नीट सांगतो कारण इथेच लोक फसतात. घरी एक टेस्ट करा: कपडे काढून वजन, एक तास जोरात राईड, पुसून परत वजन. समजा ७२.४ चं ७१.८ झालं आणि मधे अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला साधारण १.१ लिटर. सगळा भरून काढायची गरज नाही, पण थंडीत तासाला अर्धा लिटर आणि उन्हात पाऊण लिटर हा माझा हिशोब आहे. डिसेंबरात पहाटे ५ ला तहान लागतच नाही, कात्रज ओलांडून खेड शिवापूर आलं तरी बाटली तशीच असते, आणि त्याची वसुली दुपारी १ ला होते. उलट बाजूही आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो डिहायड्रेशन झालंय म्हणून अजून पाणी पितो.

म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस. पण हे समजून घ्या की डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. म्हणजे मिठाची सोय झाली, जेवणाची नाही, बाटलीभर ओआरएस प्यायलं म्हणून खाणं टाळता येत नाही. मी ७५० च्या बाटलीत साधारण अर्धं पाकीट टाकतो आणि वर चार चमचे साखर (जुलाब झालेल्या माणसाला मात्र पूर्ण पाकीट लिटरभर पाण्यातच, तिथे असले प्रयोग नाहीत). जर्सीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त जातंय, बटाट्याला मीठ सढळ लावा. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, तेव्हा ते मिठाच्या जागी धरू नका. घुंगरांचा आवाज आला की रसवंतीला थांबायला माझी हरकत नाही, फक्त बर्फ नको म्हणून सांगा. बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर हे मीठ-साखरेचे आकडे आधी डॉक्टरांना दाखवा.

आदल्या रात्री वरणभात, बटाट्याची भाजी, आठच्या आत. उसळ, सॅलड दोन दिवस बंद. सुटायच्या दोन-तीन तास आधी पोहे किंवा ब्रेड-जाम, म्हणजे ६ चा स्टार्ट असेल तर ३ नंतर उठावंच लागतं, इलाज नाही. वाटेत मिसळ दिसेल, जोडीदार आग्रह करेल. तेलकट तर्री पोटात तासन् तास बसून राहते, शिवाय ऑर्डर, वाट बघणं, हात धुणं यात ४० मिनिटं जातात आणि कंट्रोल (वाटेतलं हजेरीचं ठिकाण) बंद व्हायची वेळ काही थांबत नाही. त्यापेक्षा दहीभात किंवा इडली मागवा. ब्रेव्हे कार्ड (कंट्रोलवरच्या हजेरीची नोंद होते ते) प्लॅस्टिकमध्ये, त्याच पिशवीत १०-२० च्या सुट्या नोटा, फोन मेला तर यूपीआय कसलं.

घरी परतल्यावर अंघोळीला पळायच्या आधी एक काम करा. दोन्ही खिसे डायनिंग टेबलवर उलटे करा आणि मोजा, किती कागद रिकामे, किती पोळ्या तशाच, ओआरएसची किती पाकिटं उरली. आपण काय खाल्लं असं वाटतं आणि खरं काय खाल्लं यात मागच्या वेळी माझ्या तीन पोळ्यांचा फरक निघाला. आकडा फ्रीजवर चिकटवून ठेवलाय, ३०० च्या सामानाला तिथून सुरुवात करणार आहे.