समाजकार्य विभागाचं संशोधन कसं नोंदवावं

वार्षिक अहवालातलं 'प्राध्यापकांचे संशोधन आणि यश' हे प्रकरण ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोव्यातल्या आमच्या समाजकार्य विभागात ते काम माझ्याकडे आहे. बहुतेक ठिकाणी काय होतं, तर आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, मेल येतो, माहिती परवापर्यंत हवी असते, जो तो आपली यादी व्हॉट्सॲपवर टाकतो आणि कुणीतरी ती एक्सेलमध्ये चिकटवतं. पेपरांचा आकडा जमतो, पण विभागाने गावात जाऊन केलेलं काम बाहेरच राहतं. मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली. तेव्हापासून आपल्या विषयात वर्गाइतकीच वस्तीही महत्त्वाची आहे. मग नोंदीतही ती आलीच पाहिजे.

माहिती फॉर्म पाठवून मागवू नका. चतुर्थीच्या सुट्टीआधी एकदा आणि नाताळच्या सुट्टीआधी एकदा प्रत्येक सहकाऱ्यापाशी जाऊन बसा. लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकांकडे तर आवर्जून जा. विद्यार्थ्यांच्या फील्डवर्कची देखरेख बऱ्याचदा तेच करतात आणि आपलं काम 'यशा'त धरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पेपरांचं काम तुलनेने सोपं. जर्नलचं पूर्ण नाव, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक), खंड, अंक, पानं, डीओआय (त्या पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि छापले त्याच क्रमाने सहलेखक, एवढं घ्या. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ऑनलाइन ओळख सांगणारा, सोळा आकडी क्रमांक मात्र प्रत्येकाला काढायलाच लावा. गोव्यात नाईक, गावस, गावकर आणि देसाई इतके आहेत की नुसतं 'एस. नाईक' शोधलं तर कुणाचे पेपर कुणाच्या नावावर चढतील सांगता येत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे आधीचे पेपरही या क्रमांकामुळे सुटत नाहीत.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केली. आता जर्नल चांगलं की बोगस हे संस्थेनेच ठरवायचं आहे. मी तीन गोष्टी बघते. आयएसएसएन त्याच्या अधिकृत पोर्टलवर त्याच नावाने सापडतो का, संपादक मंडळातली माणसं आपापल्या विद्यापीठाच्या पानावर खरंच आहेत का, आणि आठवड्याभरात छापून देऊ असं आश्वासन आहे का. असं आश्वासन असेल तर तो पेपर मी यादीत घेत नाही, सहकारी कितीही ज्येष्ठ असले तरी.

प्रकल्पाला मंजुरीपत्र हवं. रक्कम, मुदत, आणि मुख्य संशोधक कोण व सहसंशोधक कोण हे त्यावरूनच लिहा, तोंडी माहितीवर नको. पीएचडीचे विद्यार्थी लिहिताना नोंदणी झालेले वेगळे आणि पदवी मिळालेले वेगळे ठेवा. पदवी मिळाली असेल तर प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात दिसतो का तेही बघा. पैसे भरून मिळणारे पुरस्कार गाळा.

आता खरं काम. फील्डमधल्या अभ्यासाची नोंद समजा अशी आली: 'डिचोली तालुक्यात खाणबंदीच्या परिणामांचे सर्वेक्षण व जनजागृती.' यातून काहीच कळत नाही. २०१२ ला खाणी थांबल्या, तो काळ की सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ पासूनचा? ट्रकमालकांशी बोललात की ट्रक चालवणाऱ्यांशी? दोघांच्या घरातलं कर्ज एकसारखं नसतं. मुलाखती कोकणीत झाल्या की मराठीत, आणि टिपणं कुठल्या भाषेत ठेवली? किती घरं, कुठले वाडे, कुठले महिने? हे प्रश्न समोर बसून विचारले की सहकारी खुलतात. फॉर्मच्या रकान्यात यातलं काही येत नाही.

शेवटी एक प्रश्न न चुकता विचारा: गावाला काय परत दिलं? निष्कर्ष ग्रामसभेत वाचले का, पंचायतीला प्रत दिली का? दिली असेल तर पंचायतीचा आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली आपली स्थळप्रत मागा. ते एक पान माझ्या लेखी परिषदेच्या प्रमाणपत्राहून मोठं आहे, आणि मी ते फाईलमध्ये पेपरांच्याही आधी लावते. दिली नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. दोन पानांचा सोप्या मराठीतला किंवा कोकणीतला सारांश करून सचिवांच्या टेबलावर नेऊन द्या. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. सकाळी निघालं तर यातल्या कुठल्याही पंचायतीत काम आटोपून संध्याकाळी घरी परतता येतं.

संशोधन आणि सेवा यांची गल्लत मात्र करू नका. विद्यार्थिनींनी आजीबाईंचा दयानंद सामाजिक सुरक्षा या पेन्शन योजनेचा अर्ज भरून दिला, एखाद्या घरी गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे अडलेले पैसे सुरू करून दिले, तर ते मोलाचंच काम आहे. त्याची जागा विस्तारकार्यात. तिथे ते नीट लिहा: कितीजणींचे अर्ज, किती मंजूर, किती अजून अडकलेले. अडकलेल्यांचा आकडा लपवू नका. पुढच्या वर्षीचा अभ्यास त्यातूनच निघतो.

ओळख उघड होण्याबाबत तर डोळ्यांत तेल घालून बघा. आपला गोवा लहान आहे. नाव काढलं म्हणजे झालं, असं इथे होत नाही. 'सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली, अंगणवाडीत काम करणारी, नवरा आखातात असलेली महिला' एवढं वाचलं की तिथल्या वाळपईच्या बाजारात तिला ओळखतील. तालुका ठेवा आणि व्यवसाय काढा, किंवा व्यवसाय ठेवून तालुका काढा. मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं, ओळख उघड करायला मनाई करणारं कलम २३ आहे आणि आपल्याकडे २००३ चा गोवा बाल कायदाही आहे. नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी जिओटॅग केलेले (जागेची नोंद असलेले) फोटो मागतात, पण बालगृहातले, निवारागृहातले किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटातले फोटो देऊच नका. संस्थेच्या अधीक्षकांचं तारखेचं पत्र घ्या आणि फोटो का नाही हे एका ओळीत लिहा. नॅकच्या समितीपुढे कुणी अडून बसलंच तर विभागप्रमुखांनी ठाम उभं राहायचं.

नवप्रभा, गोमंतक, तरुण भारत यांत सहकाऱ्यांचे लेख येतात. मूल्यांकनात त्यांना गुण नाहीत म्हणून ते सोडू नका. दारूचं व्यसन, एकट्या पडलेल्या वृद्धांचे प्रश्न, यांवरचा लेख घरोघरी वाचला जातो, आणि ज्यांच्यावर आपण अभ्यास करतो ती माणसं बहुतेक वेळा तेवढंच वाचतात. कात्रण त्याच दिवशी स्कॅन करा. आमच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक स्कॅनवरच लिहा.

सगळं टाइप झालं की प्रत्येकाचं पान त्याला वाचायला देऊन त्याची सही घ्या. मूळ प्रत विभागाच्या कपाटात आणि स्कॅन विभागाच्या अधिकृत ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवा. कुणाच्या खासगी जीमेलवर नको. करार संपून माणूस गेलं की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.