कोड दिला म्हणजे पीसीची किल्ली दिली असं न्हवं

परवा लक्ष्मीपुरीत काकांच्या दुकानात गेलो तर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडलेली आणि माऊस आपला आपण फिरतोय. काका निवांत चहा पितायत. म्हटलं हे काय, तर म्हणे "अरे ते सॉफ्टवेअरवालं पोरगं करतंय काहीतरी, तो कधीपण येतो." कधीपण! स्क्रीनवर 'डेस्कटॉप शेअर होतोय' म्हणून त्या पोराच्या जीमेलसकट पट्टी दिसत होती, पण बिलाच्या आड येते म्हणून काका ती रोज कोपऱ्यात सरकवायचे.

तर भावांनो, हे चालतं क्रोम रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे लांबून दुसऱ्याचा पीसी चालवायचं गूगलचं साधन. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सपोर्टचा कोड, 12 आकडी, 5 मिनिटांत बाद होतो, समोरच्यानं टाकला की तुम्हाला शेअर करू का विचारतं आणि चालू असताना दर 30 मिनिटांनी परत विचारतं. मदत घ्यायची तर एवढंच वापरा, आणि फोन तुम्ही केलेला असू दे, तिकडून आलेल्या फोनवर कोड सांगायचा नाही म्हणजे नाही. दुसरा कायमचा अ‍ॅक्सेस, त्याला कमीत कमी 6 आकडी पिन, आणि तो ज्या गूगल अकाउंटनं सेट केला त्याचा. पोरानं स्वतःच्या जीमेलनं सेट करून ठेवलेला, पिन पण त्याचीच, मग काकांना विचारणार कोण?

काढायचं कसं? सगळे इथंच फसतात. क्रोममधलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) रिमूव्ह केलं की झालं असं वाटतं, पण विंडोजमध्ये होस्ट, म्हणजे बाहेरच्याला आत घेणारा प्रोग्राम, वेगळा इन्स्टॉल असतो, तो बॅकग्राउंडला चालूच राहतो, ब्राउझर बंद असला तरी. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम्सच्या यादीत 'क्रोम रिमोट डेस्कटॉप होस्ट' शोधून अनइन्स्टॉल मारा. मग क्रोममध्ये त्या पोराचं प्रोफाइल लॉगिन राहिलंय का बघा (काकांकडं होतं, डिलीट केलं).

बाकीची एक्स्टेन्शन्स पण त्याच बैठकीत चाळा. डिटेल्समध्ये 'सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी दिसली आणि ते कशासाठी टाकलंय हेच आठवत नसेल तर उडवा. लागणारं असेल तर साइट अ‍ॅक्सेस 'ऑन क्लिक' करा.

कुणी आत शिरून पैसे काढलेच तर आधी वायफाय बंद, मग लगेच बँक आणि 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). पासवर्ड दुसऱ्या मशीनवरनं बदला, त्याच पीसीवर बसून नको.

काकांनी आता पोराला सांगितलंय, काम असलं की फोन मीच करतो, तेव्हाच कोड वाचून दाखवतो. पोरगं जरा रुसलंय.